आजार वाढला, की बोलणे वाढले?

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आता ज्याला त्याला डिप्रेशन!" वस्तीतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यावर कॉलेजात जाणारी नात म्हणते, "आजी, तुमच्या वेळीही होतं. फक्त कुणी बोलत नव्हतं."

दोघींपैकी बरोबर कोण? हा प्रश्न नुसता वादाचा नाही. मानसिक आजार म्हणजे नव्या पिढीचे फॅड असे मानले, तर घरातला आजारी माणूस उपचाराविना राहतो. उलट जिकडे तिकडे मानसिक आजारच वाढले आहेत असे मानले, तर परीक्षेआधीची धाकधूक आणि मयतीनंतरचे रडणेही आजार वाटू लागते. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता स्वतः तपासून घ्यायला सांगितले होते. त्याच रीतीने हा प्रश्न आपण तपासून पाहू.

आधी शब्द नीट करू

वस्तीत एक शब्द सगळ्यासाठी चालतो: टेन्शन. भाडे थकले तरी टेन्शन, पोरीचे लग्न ठरत नाही तरी टेन्शन, आणि रात्र रात्र झोप नाही, जगावेसे वाटत नाही, तरीही टेन्शनच. या तिन्ही गोष्टी एक नाहीत.

दुःख आणि ताण हा जगण्याचा भाग आहे. कारण दूर झाले, चार माणसांनी धीर दिला, थोडे दिवस गेले की तो उतरतो. आजार तसा उतरत नाही. उदासी किंवा भीती दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक वेळ टिकली, झोप आणि भूक बिघडली, कामात लक्ष लागेना, रोजचे व्यवहार जमेनात, तर तो आजार असू शकतो. तेव्हा डॉक्टरांना दाखवायला हवे.

आजारांचेही ढोबळ तीन गट धरू. पहिला, सर्वसाधारण आजार: नैराश्य म्हणजे डिप्रेशन, आणि चिंतेचे आजार. दुसरा, तीव्र आजार: स्किझोफ्रेनिया, ज्यात नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असा पक्का संशय बसतो, आणि बायपोलर, ज्यात माणूस कधी अतिउत्साहात तर कधी खोल उदासीत जातो. तिसरा, दारू आणि इतर नशेचे व्यसन. "वाढले का?" हा प्रश्न या तिन्ही गटांना वेगवेगळा विचारावा लागतो.

मोजणी काय सांगते?

बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. बारा राज्यांत घरोघर जाऊन ठरावीक प्रश्न विचारले. (त्या बारांत महाराष्ट्र नव्हता.) त्यात आढळले की प्रौढांपैकी दर १०० मध्ये १० ते ११ जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि त्यांना उपचारांची गरज होती. महानगरांत हे प्रमाण खेड्यांपेक्षा जास्त निघाले. गरीब घरांतही ते जास्त होते.

पण ही एका वेळची मोजणी आहे. एकदाच काढलेल्या फोटोवरून मूल किती वाढले ते कळत नाही, आधीचा फोटो शेजारी ठेवावा लागतो. देशभर याच पद्धतीने केलेली आधीची मोजणी नाही. म्हणून या आकड्यावरून "आजार आहे आणि भरपूर आहे" एवढे नक्की म्हणता येते. "वाढला" असे म्हणता येत नाही.

दुसरा एक आकडा वर्तमानपत्रांत वारंवार येतो. भारतात २०१७ साली दर सात माणसांपैकी एकाला कोणता तरी मानसिक विकार होता, आणि देशातील एकूण आजारपणाच्या ओझ्यात मानसिक विकारांचा वाटा १९९० च्या तुलनेत जवळजवळ दुप्पट झाला. ही गोष्ट खरी आहे, पण तिचा अर्थ समजून घ्यायला हवा. समजा घरखर्च महिना १०० रुपये आहे आणि त्यात रेशनचे २० रुपये. उद्या घरभाडे कमी होऊन खर्च ५० वर आला आणि रेशन २० रुपयांचेच राहिले, तर रेशनचा वाटा दुप्पट झालेला दिसेल. रेशन मात्र पैशानेही महागलेले नसते. आजारांचेही बरेचसे तसेच झाले. लहान मुलांचे जुलाब, गोवर यांनी होणारे मृत्यू गेल्या तीस वर्षांत खूप कमी झाले. लोक जास्त वर्षे जगू लागले. त्यामुळे एकूण ओझ्यात मनाच्या आजारांचा वाटा मोठा दिसू लागला. निदान करणारे डॉक्टर आणि तपासणीच्या पद्धती वाढल्या, त्यानेही नोंदी वाढल्या.

म्हणजे इथवर नातीचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे ठरते.

जे आधीपासून होतेच

स्किझोफ्रेनियासारखा तीव्र आजार जगभर साधारण ३०० माणसांत एकाला होतो. गरीब देश, श्रीमंत देश, सगळीकडे तो आहे. तो नव्या पिढीने आणला नाही. आजीच्या गावातही तो होता. फक्त त्या माणसाला "वेडा" म्हणत, "बाहेरचं लागलं" म्हणत, किंवा तो घर सोडून निघून गेला की त्याचे नावच घेत नसत. बाळंतपणानंतर जी सून गप्प गप्प झाली, बाळाकडे बघेना, तिला "माजली" म्हटले गेले. दारूने हात थरथरणाऱ्या चुलत्याला फक्त "बेवडा" म्हटले गेले.

कायद्याची भाषाही तशीच होती. इंग्रजांनी १९१२ साली केलेल्या कायद्याचे नावच वेडेपणावरून होते. तो १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बदलला आणि पुढे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. शब्द बदलले तसे लपलेले आजार नोंदीत येऊ लागले. आजीला "असलं काही नव्हतं" असे वाटते, कारण तिच्या काळी त्याला आजाराचे नाव नव्हते.

जे खरोखर वाढले

आता आजीची बाजू. काही गोष्टी खरोखर वाढल्या आहेत.

कोरोनाच्या पहिल्या वर्षात जगभर नैराश्य आणि चिंतेच्या आजारांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले. आपल्याला त्याचे नवल वाटायला नको. २०२० च्या टाळेबंदीत नाक्यावरचे काम बंद झाले, घरकाम करणाऱ्या बायांना सोसायटीच्या गेटवरून परत पाठवले गेले, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे महिनोन्महिने कोंडली. मयतीला चार खांदेही मिळाले नाहीत. मन आजारी पडायला याहून वेगळे कारण लागत नाही.

दुसरी गोष्ट आत्महत्यांची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१७ साली देशात दर लाख लोकांमागे ९.९ आत्महत्यांची नोंद होती. २०२२ साली ती १२.४ झाली. त्या वर्षी संख्येने सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रात होत्या, २२ हजारांहून अधिक. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की २०१४ साली आत्महत्या करणाऱ्या दर १०० जणांपैकी १२ रोजंदारीवर काम करणारे होते, तर २०२१ साली ही संख्या २५ च्या पुढे गेली. नोंदींची वर्गवारी सुधारल्याने यातला काही भाग आला असेल. पूर्वी पोलिसांच्या भीतीने घरची माणसे वेगळेच कारण सांगत, ती भीती थोडी कमी झाल्यानेही नोंदी वाढल्या असतील. पण रोजच्या कमाईवर जगणारा माणूस अधिक अडचणीत आला आहे, हे या आकड्यांकडे डोळेझाक करून नाकारता येणार नाही.

प्रत्येक आत्महत्येमागे मानसिक आजार असतोच असे नाही. कर्ज, छळ, अपमान, दारू, एखादा क्षणिक उद्रेक, अशी अनेक कारणे एकत्र येतात. पण वेळेवर कुणी विचारले असते, उपचार मिळाले असते, तर यांतले अनेक जीव वाचले असते, हे निश्चित.

बोलणे वाढले, पण कुणाचे?

दीपिका पदुकोण यांनी २०१५ साली आपल्या नैराश्याविषयी उघडपणे सांगितले. त्यानंतर खेळाडू, कलावंत बोलू लागले. टीव्हीवर, मोबाईलवर हा विषय आला. हे चांगलेच झाले. पण ज्याच्याकडे पैसा आहे, नाव आहे, त्याला बोलण्याची किंमत कमी मोजावी लागते. वस्तीतली मुलगी बोलली तर तिची सोयरीक मोडते. कंत्राटी कामगार बोलला तर त्याचे काम जाते. म्हणून आपल्याकडे तोंडाऐवजी अंग बोलते.

आपल्या दवाखान्यांत हे रोज दिसते. बाई येते ती डोके दुखते, छातीत धडधडते, हातापायांत गोळे येतात, अंगात त्राण नाही, "गॅस चढतो" असे सांगत. तिला सलाईन लावले जाते, ताकदीची गोळी दिली जाते. दोन दिवस बरे वाटते. पुन्हा तेच. झोप कशी आहे, मन कशात लागते का, घरात मारहाण होते का, हे तिला कुणी विचारत नाही. रक्त कमी असणे, थायरॉईड यांनीही असे होते, म्हणून त्या तपासण्या आधी करायलाच हव्यात. पण त्या नीट आल्या आणि त्रास तसाच राहिला, तर तो मनाचा आजार असू शकतो. शरीराला झालेला त्रास खोटा नसतो, ते "नाटक" नसते.

पुरुषांचे दुःख दारूत जाते. दारू पिऊन झोपलेल्या माणसाला "त्याला काही त्रास आहे का?" असे कुणी विचारत नाही. आणि मुलांचे दुःख शाळा सोडण्यात, चिडचिडीत, मोबाईलमध्ये डोके घालून बसण्यात दिसते.

याच राष्ट्रीय सर्वेक्षणाने सांगितले की नैराश्य, चिंता यांसारखे सर्वसाधारण आजार असलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ८५ जणांना कसलाच उपचार मिळत नव्हता. १०० पैकी ८५! देशात दर लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत. बोलणे खरोखर पुरेसे वाढले असते, तर हा आकडा असा राहिला नसता.

जातीचा घाव आणि आजाराचे नाव

आपल्या समाजाला या विषयात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आशिष गुप्ता आणि डायान कॉफी या संशोधकांनी भारतातील वेगवेगळ्या समाजगटांच्या मनःस्वास्थ्याची तुलना केली. दलित आणि मुस्लिम व्यक्तींनी सांगितलेला उदासी-चिंतेचा त्रास उच्चजातीय हिंदूंपेक्षा अधिक होता. मिळकत आणि शिक्षण यांतला फरक हिशोबात धरूनही अंतर उरलेच. म्हणजे केवळ गरिबी हे कारण नाही. वागणूक हेही कारण आहे.

नोकरी लागली, फ्लॅट घेतला, तरी आडनाव विचारले की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. रोजचा असा छोटा अपमान अंगात साठत जातो. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला जानेवारी २०१६ मध्ये गेला. मुंबईत शिकणाऱ्या आदिवासी समाजातील डॉ. पायल तडवी मे २०१९ मध्ये गेल्या. दोन्ही वेळी जातीय छळाचा प्रश्न देशभर उभा राहिला.

म्हणून "मानसिक आजार" हा शब्द दुधारी आहे. अन्यायाने खचलेल्या विद्यार्थ्याला "तो आधीपासूनच कमकुवत होता" म्हटले की छळ करणारा सुटतो. याच रागाने आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, "हा आजार नाही, हा अत्याचार आहे, गोळ्या कशाला?" त्यांचा राग योग्य आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. लाठीमारात हात मोडला, तर आपण तक्रारही नोंदवतो आणि हाताला प्लास्टरही घालतो. केस चालू आहे म्हणून मोडका हात तसाच ठेवत नाही. मनाचेही तेच. लढा द्यायचा आणि लढणाऱ्याला जपायचेही.

संघात मनाचा रुग्ण कसा होता?

अंगुत्तर निकायात तथागतांनी रोग दोन प्रकारचे सांगितले आहेत: कायेचा आणि चित्ताचा. वर्षानुवर्षे शरीराने निरोगी राहणारी माणसे सापडतील, पण चित्ताच्या रोगापासून क्षणभरही मुक्त असणारी माणसे, आसव नष्ट झालेले सोडले तर, दुर्मिळ आहेत, असा त्या उपदेशाचा आशय आहे. तिथे चित्ताचा रोग म्हणजे लोभ, द्वेष, मोह असा व्यापक अर्थ आहे. आजच्या डॉक्टरी अर्थाचा आजार नव्हे. पण मनालाही रोग होतो आणि त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही, ही गोष्ट आपल्या परंपरेत नवी नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकिकत आहे. त्याचे मन भ्रमिष्ट झाले होते. उपोसथाची कधी त्याला आठवण राही, कधी राहत नसे. कधी येई, कधी येत नसे. भगवंतांनी त्याला संघातून काढले नाही. संघाने रीतसर ठराव करून ठरवले की गग्ग आला काय, न आला काय, त्याचा दोष धरायचा नाही आणि संघाचे कामही अडवायचे नाही. आजारी माणसाला सूट द्यायची आणि त्याची जागाही राखायची, हा अडीच हजार वर्षांपूर्वीचा नियम आहे.

पटाचारेची गोष्ट उपासिकांना ठाऊक आहे. पती, दोन मुले, आईवडील, भाऊ, सगळे थोड्या काळात गेले आणि ती भान हरपून रस्त्याने फिरू लागली. लोक तिला हुसकावत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले, "भगिनी" म्हणून बोलावले, कुणीतरी अंगावर वस्त्र टाकले. पुढे तीच पटाचारा विनय जाणणारी थोर भिक्खुनी झाली. तथागतांनी तिला आधी जवळ घेतले आणि मग उपदेश केला, हा क्रम आपण लक्षात ठेवायला हवा.

यातून कुणी असा अर्थ काढू नये की ध्यान केले की औषध नको. आनापान, मैत्रीभावना यांनी ताण हलका होतो, बऱ्या झालेल्या माणसाला आधार मिळतो. पण तीव्र आजारात माणसाला एकटे दीर्घ ध्यानाला बसवणे त्रासाचे ठरू शकते. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराविषयी विचारलेले असते. ती माहिती लपवू नका आणि डॉक्टरांना विचारूनच जा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. १९५६ साली नागपूरला आपण देवदेवता सोडल्या, पण आजारात देवऋषीकडे वळणारी पावले काही घरांत अजून थांबलेली नाहीत. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरात उपचारासाठी म्हणून साखळदंडाने बांधून ठेवलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण ऑगस्ट २००१ मध्ये आगीत मेले. त्यांना पळताच आले नाही. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

आता करायचे काय?

१. विचारा आणि ऐका. "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास" असे म्हणू नका. "झोप लागते का? जेवण जातं का? जगणं नकोसं वाटतं का?" असे सरळ विचारा. मरणाचा विचार येतो का, असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट माणसाला मोकळे व्हायला वाट मिळते. उत्तर "हो" आले तर त्याला एकटे सोडू नका, घरातील औषधे आणि विषारी वस्तू दूर कुलपात ठेवा, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

२. फोन करा. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येते. नाव सांगण्याची सक्ती नाही. हा क्रमांक विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा.

३. सरकारी दवाखाना गाठा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तपासणी आणि औषधे मिळतात. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो, म्हणजे दाखवायला गेलेल्या प्रत्येकाला भरती करतात असे नाही.

४. गोळ्यांविषयी गैरसमज सोडा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरे वाटले म्हणूनही आपल्या मनाने थांबवू नका. बरे वाटल्यावरही काही महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. या गोळ्यांची नशा होत नाही. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची. त्या मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका.

५. दारू सोडवताना सावध राहा. पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञा दोन्ही आपल्याला दारूपासून दूर ठेवतात. पण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने ती एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत थरथर, झटके, भास होऊ शकतात. "बाहेरची हवा लागली" असे समजून घरी बसू नका. यात जीव जाऊ शकतो. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा.

६. बाळंतिणीकडे लक्ष द्या. पहिले काही दिवस रडू येणे स्वाभाविक आहे. दोन आठवड्यांनंतरही उदासी राहिली तर आशाताईंना सांगा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, भास, असंबद्ध बोलणे दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

७. हक्क जाणा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याकडे पिवळे कार्ड असो वा नसो, आणि बेघर व्यक्तीला सरकारी ठिकाणी मोफत उपचारांचा हक्क आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकेच स्थान देणे बंधनकारक आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे कायदा धरतो आणि तिला मदत देणे हे सरकारचे कर्तव्य मानतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नासाठी शिक्षेचे जुने कलमही राहिलेले नाही. म्हणून पोलिसांच्या भीतीने असा रुग्ण घरात लपवू नका. दीर्घ मानसिक आजाराने आलेल्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते, त्याची जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

आजी आणि नात, दोघींना उत्तर

तीव्र मानसिक आजार पूर्वीही होते, आजही साधारण तेवढेच आहेत. आकड्यांतली बरीच वाढ मोजणीची आणि नाव मिळण्याची आहे. इथे नात बरोबर आहे. नैराश्य, चिंता आणि आत्महत्या या बाबतीत काही काळात, काही लोकांवर खरी वाढ झाली आहे. ते लोक म्हणजे हातावर पोट असलेले, काम गेलेले, अपमान सोसणारे. इथे आजीची काळजीही खोटी नाही.

पण आपल्या वस्तीपुरते पाहिले तर "बोलणे फार वाढले" ही तक्रार लागू होत नाही. इथे बोलणे अजून सुरू व्हायचे आहे. "डिप्रेशन" हा शब्द मोबाईलमधून घरात आला, उपचार मात्र दारापर्यंत आला नाही. क्षयरोगाचेही एके काळी असेच होते. नाव घ्यायला लोक भीत, रुग्णाचे ताट वेगळे ठेवत. गावोगाव तपासणी आणि मोफत औषधे आली, बरे झालेले लोक डोळ्यांसमोर दिसू लागले, तशी भीती कमी झाली. मनाच्या आजाराचेही तसेच होईल. त्यासाठी विहाराने महिन्यातून एक रविवार वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्यावा, आणि उपचार घेऊन बरा झालेला माणूस स्वखुशीने बोलायला तयार असेल तर त्याला मानाने पुढे बसवावे.

वंदनेनंतर चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत "टेन्शन" या शब्दाखाली कोणकोणते त्रास झाकले जातात?
२. गग्ग भिक्खूला संघाने दिलेली वागणूक आपण आपल्या मंडळातील आजारी सदस्याला देतो का?
३. जवळच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी, किती वाजता असतो? पुढच्या रविवारपर्यंत दोघांनी जाऊन माहिती आणावी आणि फलकावर लिहावी.

जयभीम, नमो बुद्धाय.